किटल्यांची भिंत

प्रिट्सबाई दुपारी दोन वाजता येणार होत्या, आणि सकाळी सहालाच ग्वेन सेलरच्या स्वयंपाकघरात शेगडीच्या चारही बर्नरवर मोठाली पातेली चढली होती. पातेल्यांत मेपलच्या झाडाचा रस होता. दिसायला अगदी पाण्यासारखा, आणि चवीला कोणीतरी पाण्यात साखरेचा चमचा बुडवून लगेच काढून घ्यावा तसा. चांगला आठ गॅलन होता. तो आटवून त्याचा पाक करायचा, पाक गरम पॅनकेकवर ओतायचा आणि ती थाळी प्रिट्सबाईंपुढे ठेवून म्हणायचं, "हे आमचं या महिन्याचं विज्ञान." एवढा साधा बेत होता.

घरी शिकणाऱ्या मुलांची वर्षातून एकदा एखाद्या मान्यताप्राप्त शिक्षकाकडून तपासणी व्हावी लागते, असा राज्याचा नियम. ती व्हायची जूनमध्ये. पण सेलरांचं हे पहिलंच वर्ष, म्हणून तपासणी करणाऱ्या प्रिट्सबाईंनी "मार्चमध्ये एकदा डोकावून जाते" असं कळवलं होतं. ग्वेनच्या नवऱ्यानं, डेलनं, या डोकावण्यालाच निकाल ठरवून टाकलं.

"बाई 'चालू दे' म्हणाल्या तर माझं काही म्हणणं नाही," तो म्हणाला होता. "नाही म्हणाल्या, तर सोमवारी मी स्वतः हॅटीला शाळेत सोडून येईन. कबूल?"

"कबूल," ग्वेन म्हणाली होती. डेल भांडत नव्हता, घाबरला होता. तीही घाबरली होती, पण तिच्या हातात निदान वेळापत्रक होतं.

हॅटी नऊ वर्षांची. ऑक्टोबरमध्ये तिचे आजोबा, म्हणजे ग्वेनचे वडील एल्वुड शॉलिस, गेले. त्याआधी ही मुलगी प्रश्न विचारायची. न्याहारीला विचारायची, अंघोळ करताना विचारायची, चर्चमध्ये प्रार्थना ऐन रंगात आलेली असताना सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारायची. आजोबा होते तोवर तिला उत्तर देणारा माणूस घरातच होता. ते गेले आणि प्रश्नच थांबले. शाळेत बोलेनाशी झाली. वर्गाच्या बाई मायेनं जवळ घ्यायच्या, तर "मी ठीक आहे" म्हणायची. नोव्हेंबरात ग्वेननं तिला घरी शिकवायला घेतलं. तीन खोकी भरून पुस्तकं मागवली. साडेआठ गणित, सव्वानऊ शुद्धलेखन, दहा भूगोल. हॅटी सगळं वेळेवर करायची, उत्तरं बरोबर लिहायची, पेन्सिलीला टोक काढून ठेवायची. चार महिन्यांत तिनं एकच प्रश्न विचारला होता. "झालं का?"

म्हणून मग हा रस. शेजारच्या वेंडेल बेअरचं मेपलचं गुऱ्हाळ होतं. त्याच्याकडून ग्वेननं पाच तोट्या आणि पाच बादल्या मागून आणल्या. झाडाला भोक पाडून तोटी ठोकली की आतून रस ठिबकतो. हे बघून एखादा दगडसुद्धा 'का?' म्हणेल, असा तिचा हिशेब. हॅटीनं रोज बादल्या रिकाम्या केल्या, किती रस आला ते वहीत लिहिलं आणि विचारलं काहीच नाही.

रस बाहेर अंगणात, विटांच्या चुलीवर आटवायचा होता. पण शुक्रवारी पहाटेपासून वारा सुटला, त्यात गारांचा बारीक मारा. चूल दोनदा पेटवली, दोनदा विझली. रस तर तीन दिवसांचा झालेला, आणखी ठेवला तर आंबला असता. ग्वेननं बादल्या आत आणल्या.

"आतच करू," ती म्हणाली. "शेगडी ती शेगडी."

हॅटीनं मान हलवली आणि वहीत लिहिलं: 'शुक्रवार. आतच.'

आठ वाजेपर्यंत स्वयंपाकघर उबदार झालं. नऊपर्यंत छान वाटू लागलं. दहाला खिडक्या दिसेनाशा झाल्या. त्या उघडायची सोय नव्हती. हिवाळ्याची थंडी आत येऊ नये म्हणून त्यांच्यावर आतून प्लॅस्टिक ताणून बसवलेलं होतं. ते एल्वुडनं ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात बसवलं होतं, कोपऱ्यांची घडी टपालाच्या पाकिटासारखी नेटकी घालून, आणि ग्वेनला ते काढायचं नव्हतं. शेगडीवरचा पंखा होता. तो वाफ वर ओढायचा आणि चाळणीतून गाळून पुन्हा ग्वेनच्याच तोंडावर सोडायचा.

फोन वाजला. ग्वेननं स्पीकर लावला. वेंडेल होता.

"ग्वेन, तुझ्या घराला आग लागलीय का गं?"

"नाही हो. रस उकळतोय."

पलीकडून अगदी हळू आवाजात, "घरात?"

"बाहेर वारा आहे ना, वेंडेलकाका."

"पोरी, घरात उकळत नाहीत."

"का?"

"का म्हणजे? नाही उकळत! माझे वडील नाही उकळायचे, त्यांचे वडील नाही उकळायचे. आमच्यात कोणीच नाही उकळलं."

"पण होतं काय उकळलं तर?"

"ते कसं सांगू? कोणी उकळलंच नाही ना!"

ग्वेननं फोन ठेवला. हॅटी टेबलाशी बसून लिहीत होती: 'घरात उकळत नाहीत.' खाली रेघ मारली आणि पान उलटलं. ग्वेन तिच्याकडे बघत राहिली. गेल्या वर्षीच्या हॅटीनं वेंडेलला फोनवर अर्धा तास धरून ठेवला असता.

साडेदहाला धुराची घंटा कोकलायला लागली. धूर नव्हता, पण घंटेला धुरातला आणि वाफेतला फरक कळत नव्हता. ग्वेन स्टुलावर चढली, पुसायच्या फडक्यानं वारा घातला, घंटेला समजावलं, शेवटी तिची बॅटरी काढून ॲप्रनच्या खिशात टाकली. मागचं लाकडी दार उघडून ठेवावं म्हणून गेली तर ते फुगून चौकटीत घट्ट बसलेलं. लाथ मारली. दार ढिम्म, पाय मात्र दुखला.

एवढ्या सगळ्यात एक गोष्ट मात्र कोरडी आणि सुरेख होती. टेबलाच्या मधोमध हॅटीची वही उघडी ठेवली होती. वही कसली, चांगलं जाडजूड बाड होतं. विषयवार रंगीत खुणा, प्रत्येक दिवसाची, अगदी आजच्या रसाचीही नोंद, चित्रं चिकटवलेली, नकाशे छापलेले. तीन रात्री बसून ग्वेननं ते लावलं होतं. बाई नुसत्या पानं उलटत गेल्या तरी त्यांना म्हणावंच लागलं असतं, की या घरात शिक्षण होतंय.

एक वाजता चार पातेल्यांचं मिळून एकच पातेलं उरलं आणि रसाला हलका सोनेरी रंग आला. ग्वेननं पॅनकेकचं पीठ भिजवायला घेतलं. तेवढ्यात मागे काहीतरी चुळबुळल्यासारखा आवाज झाला.

भिंतीवर, कोठीच्या दाराच्या वर, कागदाचा कोपरा सुटला होता.

स्वयंपाकघराच्या भिंतींना कागद लावलेला होता, पिवळट, त्यावर निळ्या किटल्यांच्या रांगा. एल्वुडनं स्वतःच्या हातानं लावलेला. ग्वेनला आठवायला लागलं तेव्हापासून त्या किटल्या तिथेच होत्या. कोपरा आधी बोटभर सुटला, मग वीतभर, मग सावकाश, एखाद्या म्हाताऱ्या माणसानं खुर्चीतून उठायच्या ऐवजी खाली बसावं तसा, अख्खा पट्टा भिंतीवरून वाकायला लागला.

"नाही, नाही, नाही," म्हणत ग्वेन धावली आणि दोन्ही तळहातांनी कागद भिंतीला दाबून धरला. "हॅटी, टाचण्या आण! डिंक आण! लाटणं आण!"

हॅटीनं तिन्ही आणलं. टाचण्या ओल्या गिलाव्यात शिरायच्या आणि परत बाहेर यायच्या. डिंकाची बाटली ग्वेनच्या दातांत होती. लाटण्यानं कागद सपाट करायला गेलं तर शेजारचा पट्टा सुटू लागला, म्हणून एक पाय स्टुलावर आणि एक ओट्यावर ठेवून तिनं तोही कोपरानं दाबला. नेमकं त्याच वेळी मागच्या दारावर थाप पडली.

दोन वाजायला दहा मिनिटं होती. प्रिट्सबाई आयुष्यात कधी उशिरा गेल्या नव्हत्या, आणि आज तर चांगल्या हेतूनं लवकर आल्या होत्या.

"हॅटी, दार!"

हॅटीनं दार ओढलं. दार जागचं हललं नाही.

"अडकलंय," तिनं दाराच्या फटीशी तोंड नेऊन सांगितलं.

"आतून ओढ," बाहेरून आवाज आला, "आणि मग बाजूला हो. मी सदतीस वर्षं सातवीचे वर्ग सांभाळलेत. दाराचं काय घेऊन बसलात!"

धाडकन आवाज झाला. दार उघडलं, बाई आत आल्या, त्यांच्यामागे थंड वाऱ्याचा झोत आला, आणि त्या झोतानं तिसरा पट्टा वरून खालपर्यंत एका दमात सोलून काढला. तो हवेत एकदा गिरकी खाऊन, खळीची ओली बाजू खाली करून, टेबलावरच्या उघड्या वहीवर अलगद निजला.

पातेलं तेवढं गदगदत होतं.

प्रिट्सबाई ठेंगण्या, रुंद बांध्याच्या, गुडघ्यापर्यंत कोट घातलेल्या. त्यांचा चष्मा आत येताच पांढरा झाला. तो त्यांनी काढून पुसला, पुन्हा लावला, आणि ओट्यावर आडव्यातिडव्या ताणलेल्या ग्वेनकडे बघितलं.

"ग्वेन, काय करतेस?"

ग्वेननं बाटली दातांतून सोडली. "भिंत धरलीय."

"भिंत उभी आहे, बाळा. कागद पडतोय."

"हो. तेच. मी हात मिळवला असता, पण..."

"असू दे." बाईंनी टेबलाशी जाऊन वहीवरचा पट्टा उचलून बघितला. पट्टा आला, त्याच्याबरोबर वहीही आली. सोडवायला गेल्या तर पानं एकमेकांना चिकटून विटेसारखी झालेली. त्यांनी ती वीट टेबलावर ठेवली, ठक्क असा आवाज झाला. "ही बघायची होती का मी?"

सोमवार ग्वेनला दिसला, डेलची गाडी दिसली, मागच्या सीटवर गप्प बसलेली हॅटी दिसली. तरी हात भिंतीवरून काढवेनात. हा कागद तिच्या बापानं लावला होता, आणि गेल्या पाच महिन्यांत तिनं या घरातला त्याचा चमचासुद्धा इकडचा तिकडे केला नव्हता.

हॅटी स्टुलाच्या पायथ्याशी येऊन उभी राहिली. तिनं वर बघितलं.

"आई, तू सोडलंस तर काय होईल?"

"खाली पडेल," ग्वेन म्हणाली.

"मग?"

"मग... मग भिंत दिसेल."

"भिंतीवर काय आहे?"

ग्वेन उत्तर द्यायला गेली आणि तिच्या लक्षात आलं, की आपल्याला माहीत नाही. या स्वयंपाकघरात ती लहानाची मोठी झाली होती, आणि किटल्यांच्या मागे काय आहे हा विचार एकदाही मनात आला नव्हता. त्याच्या पाठोपाठ दुसरीही एक गोष्ट लक्षात आली. तीन. लागोपाठ तीन प्रश्न.

तिनं हात काढले.

पट्टा खाली आला, तिच्या डोक्यावरून, खांद्यावरून, पदरासारखा. ती त्याच्याखालून बाहेर पडेपर्यंत हॅटी भिंतीला नाक लावून उभी होती.

"इथे लिहिलंय काहीतरी."

राखाडी गिलाव्यावर, कोठीच्या दाराशेजारी, पेन्सिलीनं काही आकडे होते. आठचा आकडा दोन गोल एकावर एक ठेवून काढलेला, बर्फाच्या माणसासारखा.

"आजोबांचा आठ," हॅटी म्हणाली.

'52 × 8 = 516'. त्याखाली, '516 ÷ 56 = 9.2'. त्याखाली, '10 गुंडाळ्या', आणि दोन ठसठशीत रेघा.

हॅटी ओठ हलवत उभी राहिली. मग म्हणाली, "हे चुकलंय."

"काय चुकलंय?"

"आठ दुणे सोळा, हातचा एक. आठ पंचे चाळीस आणि एक एक्केचाळीस. चारशे सोळा. आजोबांनी पाचशे सोळा लिहिलंय."

"आजोबा चुकत नाहीत," ग्वेन म्हणाली. हे वाक्य या घरात इतक्या वेळा म्हटलं गेलं होतं, की ते तोंडातून आपोआप आलं.

प्रिट्सबाईंनी कोट काढला. खुर्चीच्या पाठीवर टाकला. बाह्या सारल्या.

"सरक, सरक जरा. बघू दे मला."

एल्वुड शॉलिस गावच्या शाळेत गणित शिकवायचा आणि प्रिट्सबाई इंग्रजी. वीस वर्षं एकाच शिक्षकखोलीत. दर महिन्याच्या शेवटी बाई हजेरीची बेरीज करायच्या, आणि दर महिन्याला एल्वुड, कोणी न सांगता, ती तपासून तांबड्या पेन्सिलीच्या खुणेसकट त्यांच्या टेबलावर परत ठेवायचा. वर पुन्हा नम्रपणे म्हणायचा, "पद्धत बरोबर आहे, बर्नीस. आकडेमोड तेवढी बघा."

बाईंनी भिंतीवरची आकडेमोड एकदा बघितली. दुसऱ्यांदा बोटांवर मोजून बघितली. त्यांचा चेहरा उजळत गेला.

"चारशे सोळा," त्या म्हणाल्या. "एल्वुड, एल्वुड! चारशे सोळा रे!"

"पण बावन्न कुठून आलं?" हॅटीनं विचारलं.

"खोलीचा घेर असेल," ग्वेन म्हणाली.

"कशावरून?"

कशावरून हे कोणालाच सांगता येईना, म्हणून मोजपट्टी निघाली. "पातेल्याची काळजी करू नकोस," बाई म्हणाल्या. "पातेलं माझ्याकडे. माझ्या आजोबांचं गुऱ्हाळ होतं. पाक कधी उतरवायचा ते मला शिकवू नका. तू ते टोक धर." चौदा फूट, बारा फूट, पुन्हा चौदा, पुन्हा बारा. बावन्न. उंची आठ.

"मग दारं?" हॅटीनं विचारलं.

"दारांचं काय?"

"दाराला कोण कागद लावतं? खिडकीला?"

प्रिट्सबाईंनी दोन्ही हात गालांना लावले. "वजाच केली नाहीत त्यानं! अगं, दारं-खिडक्या वजा करायला तर तो सातवीतल्या पोरांना शिकवायचा!"

मग दारं मोजली, खिडक्या मोजल्या, कपाटांमागची जागा मोजली. कपाटामागे कागद आहे की नाही यावर वाद झाला, तो कपाट सरकवून मिटवण्यात आला. नव्वद चौरस फूट वजा. राहिले तीनशे सव्वीस. भागिले एका गुंडाळीचे छप्पन्न. हॅटीनं भिंतीवरच, आजोबांच्या आकड्यांशेजारी, भागाकार मांडला. वही विटेसारखी झाल्यामुळे दुसरं काही हाताशी नव्हतं.

"सहा गुंडाळ्यांत झालं असतं," ती म्हणाली. "त्यांनी दहा आणल्या. मग चार गेल्या कुठे?"

ग्वेननं ओट्याचा खण ओढला. आत, चमच्यांच्या खाली, निळ्या किटल्या. दुसरा खण. किटल्या. कोठीची फळी. किटल्या.

"माझी पुस्तकं," ती हळूहळू म्हणाली. "पहिलीपासून सहावीपर्यंत सगळ्या पुस्तकांना याच कागदाची वेष्टणं. सगळ्या वर्गाच्या पुस्तकांवर घोडे आणि फुलं, आणि माझ्यावर किटल्या. मला किटली म्हणायचे वर्गात. 'ए किटली, शिटी वाजव.' सहा वर्षं."

"तू विचारलं नाहीस आजोबांना, किटल्याच का म्हणून?"

"विचारलं होतं ना. म्हणाले, 'टिकाऊ कागद आहे.'" ग्वेनचा आवाज वर जाऊन मोडला. "मला वाटायचं, यांना किटल्या फार आवडतात. ते जाताना सुद्धा मी त्यांच्या खोलीत... मी मुद्दाम किटलीचं चित्र असलेली उशी ठेवली होती, हॅटी. त्यांच्या आवडीची म्हणून."

आणि ती हसायला लागली. आधी नाकातून, मग तोंडानं, मग स्टुलावर बसून पोट धरून. हॅटीनं तिच्या चेहऱ्याकडे वाकून बघितलं.

"तू रडतेस की हसतेस?"

"हसतेय गं."

"पाणी येतंय डोळ्यांतून."

"वाफ आहे," प्रिट्सबाई म्हणाल्या, आणि पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या. सापडली ती तांबडी पेन्सिल. त्यांनी ग्वेनकडे बघितलं. "परवानगी आहे का?"

ग्वेननं मान डोलावली. बाईंनी 516 वर एक छोटीशी, अतिशय सुबक फुली मारली आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं: 'पद्धत बरोबर. आकडेमोड बघा.' मागे सरून, मान तिरकी करून बघितलं. त्या क्षणी त्यांचं वय पन्नास वर्षांनी कमी झालं होतं.

"इथे तारीख पण आहे," हॅटी खाली बसून म्हणाली. "चौदा मे, एकोणीसशे चौऱ्याऐंशी. आई, तुझा वाढदिवस अकराला असतो ना?"

"हो."

"कुठल्या सालचा?"

ग्वेन स्टुलावरून उठली. हॅटीशेजारी बसली. तारीख होती खरी, घाईत लिहिलेली, चारचा पाय लांब ओढला गेलेला.

"त्याच सालचा," ती म्हणाली. "मी तीन दिवसांची होते तेव्हा."

"रात्री रडायचीस?"

"आजी म्हणायची, पहिला महिनाभर कोणाला डोळा लागू दिला नाही मी."

हॅटीनं विचार केला. तिला निकाल द्यायला फार वेळ लागला नाही.

"म्हणजे चूक तुझी."

प्रिट्सबाईंनी मोठा सुस्कारा सोडला. कागदाचा एक ओला तुकडा उचलला आणि त्यानं तांबडी फुली पुसायला सुरुवात केली.

"तीन रात्री न झोपलेल्या माणसाला नापास करता येत नाही," त्या म्हणाल्या. "वीस वर्षं वाट बघितली मी, आणि चार मिनिटं टिकलं."

वास सगळ्यात आधी हॅटीला आला. "काहीतरी जळतंय का?"

धुराच्या घंटेनं अवाक्षर काढलं नाही. तिची बॅटरी ग्वेनच्या खिशात होती. पातेल्यात आठ गॅलन रसाचा बोटभर जाडीचा काळा डांबरी गोळा झाला होता, आणि त्यातून सावकाश, तुसड्यासारखे बुडबुडे येत होते. पातेल्याची काळजी ज्यांच्याकडे होती त्या प्रिट्सबाई, हातात मोजपट्टी घेऊन, आयुष्यात पहिल्यांदाच गृहपाठ न केलेल्या मुलीसारख्या उभ्या होत्या.

"वेंडेल बेअरला सांगू नका," त्या म्हणाल्या. "माझे आजोबा आणि त्याचे आजोबा... कृपा करून सांगू नका."

डेल दिवसभर, बर्फ वितळावा म्हणून, रस्त्यांवर मीठ टाकून साडेचारला घरी आला, तेव्हा मागचं दार सताड उघडं होतं आणि खिडक्यांवरचं प्लॅस्टिक काढून त्याची घडी करून ठेवलेली होती. आत भिंत उघडी पडलेली, कपाट खोलीच्या मधोमध, बायकोच्या केसांत निळ्या किटल्या, लेक भिंतीवर पेन्सिलीनं लिहितेय आणि सरकारमान्य शिक्षिका बाह्या सारून मोरीत पातेलं घासतेय. तो दारातच थांबला. टोपी काढली.

"नापास ना?" त्यानं हळूच विचारलं. तो चिडलेला दिसत नव्हता, आणि तेच ग्वेनला जास्त लागलं. "असू दे, ग्वेन. तू जिवापाड मेहनत केलीस. सोमवारी मी सोडतो तिला."

"कोणाला?" प्रिट्सबाई म्हणाल्या.

"हॅटीला. शाळेत. तुम्ही वही बघितलीत ना?"

"वही उघडत नाही."

"मग तिची परीक्षा तरी?"

"तिनं माझी घेतली. दोन प्रश्नांत मी गारद." बाईंनी हात पुसले. "हे बघ, डेल. ती वही उघडली असती ना, तर मी पानं उलटली असती, छान छान म्हटलं असतं, या पोरीला अकरा प्रश्न विचारले असते, तिनं अकरा बरोबर उत्तरं दिली असती, आणि अर्ध्या तासात मी घरी. जाताना माझ्या मनात आलं असतं, की या मुलीला शाळेतच पाठवा. निदान तिथे बरोबरीची पोरं तरी असतात. पण आज मी अडीच तास इथे आहे. अडीच तासांत तिनं सत्तावीस प्रश्न विचारले. मी मोजलेत, बेरीज हवी तर तू तपास. आता सांग, या घरात कोरडा कागद आहे का एखादा?"

घरात नव्हता. डेलच्या खिशात मिठाच्या गाडीची पावती होती. तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर बाईंनी लिहिलं, 'घरचं शिक्षण उत्तम चालू आहे, असंच चालू राहावं,' आणि लपेटदार सही केली. डेलनं ती पावती दोनदा वाचली. मग हॅटीकडे बघितलं. ती भिंतीशी उकिडवी बसून नखानं कागदाची कड उचलत होती.

"बाबा, हा खालचा हिरवा रंग कोणी दिला असेल?" तिनं मान न वळवता विचारलं.

डेलनं बायकोच्या केसांतली एक किटली काढली.

"पुढच्या शुक्रवारी येते मी," प्रिट्सबाई कोट चढवत म्हणाल्या.

"तपासणी तर जूनमध्ये असते ना?"

"तपासणीला कोण येतंय? अजून तीन भिंती आहेत, डेल. एल्वुडनं कुठेतरी पूर्ण झोप झाल्यावरही चूक केली असेलच."

त्या गेल्या. पॅनकेक झाले, जॅम लावून खाल्ले गेले. डेल कपाट जागेवर ढकलायला लागला तर हॅटीनं त्याला थांबवलं, मागची भिंत व्हायची आहे म्हणाली. ग्वेन मोरीशी उभी राहून पातेल्याच्या बुडातला काळा थर चाकूनं खरवडत होती. एक तुकडा निघाला. तिनं तो दिव्यासमोर धरला. काचेसारखा चमकत होता.

"पण मला एक सांगा," ती म्हणाली, "रस पाण्यासारखा. साखर पांढरी. मग हे काळं आलं कुठून? आतच असतं का ते आधीपासून? आणि असेल तर दिसत का नाही? डेल?"

डेलनं खांदे उडवले.

"आणि काळंच का? हिरवं का नाही? हॅटी, ते विज्ञानाचं तिसरं पुस्तक कुठे ठेवलंस गं, खोक्यातलं? त्यात ज्वलनाचं प्रकरण आहे बघ. आपण असं करू, साखरेचे तीन चमचे घेऊ, एक मंद आचेवर..."

हॅटीनं बूट घातले होते आणि ती बादल्या परत झाडांना लावायला बाहेर निघाली होती. दारात थांबून तिनं आईकडे जरा दयेनंच बघितलं.

"आई, शाळा सुटली," ती म्हणाली. "आता सोमवारी."